चुन्याला वेळ द्यावा लागतो

चिनहटचे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेले असेल, तर ते १८५७ च्या निमित्ताने. ३० जून १८५७ रोजी इंग्रज अधिकारी सर हेन्री लॉरेन्स लखनौहून फौज घेऊन फैजाबादच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाला, चिनहटजवळ इस्माईलगंजपाशी बंडवाल्या पलटणींशी गाठ पडली आणि तो सपाटून मार खाऊन परतला. जूनअखेरचे ऊन, पाण्याची आबाळ, पोटात काही नाही; गोरे सोजीर गोळीने पडले तसे उन्हानेही पडले. इंग्रज रेसिडेन्सीत कोंडले गेले आणि चौथ्या दिवशी लॉरेन्स तिथेच जखमांनी मेला. हे पुस्तक लढायांचे नाही. पण ऊन तेच आहे, आणि या उन्हात घर कसे बांधावे, बांधलेले कसे टिकवावे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

गेल्या काही दशकांत लखनौ पूर्वेकडे पसरत आले आणि वेशीबाहेरचे हे गाव शहराच्या पोटात गेले. शारदा कालव्याचे पाणी इथल्या कठौता तलावात साठते आणि गोमतीनगरच्या नळांना जाते. देवा रोडला आणि अयोध्या रोडला (जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून फैजाबाद रोडच आहे) उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. दर्शनी बाजूला काच, मागच्या बाल्कन्यांत एसीची यंत्रे. काच पश्चिमेला असली तर मे महिन्यात दुपारी चारनंतर त्या खोलीत एसीशिवाय बसणे अशक्य. गंमत अशी, की हे गाव ओळखले जायचे ते मातीसाठी. पन्नासच्या दशकात सरकारने इथे कुंभारकामाचे केंद्र काढले आणि तपकिरी-हिरव्या झिलईची ‘चिनहट पॉटरी’ नावारूपाला आली. पुढे त्या केंद्राला घरघर लागली.

माती हा मुद्दा सह्याद्रीतल्या माणसाला समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे घर बांधायचे म्हटले की आधी काळा दगड डोळ्यांसमोर येतो, कोकणात जांभा. अवधच्या या पट्ट्यात खणत गेलात तर दगड लागतच नाही. सगळा नद्यांनी आणून टाकलेला गाळ. म्हणून नवाबांनी महाल बांधले ते विटेत. ही वीट म्हणजे लखौरी. हातात घेतली की आधी ती वीट वाटतच नाही, जाडसर फरशीचा तुकडा वाटतो. जाडी जेमतेम इंचभर, लांबी-रुंदी तळहातात मावेल एवढी. पातळ असल्यामुळे ती आरपार भाजली जाते आणि लहान असल्यामुळे गवंडी तिला हवे तसे वळवू शकतो. कमानीची वक्ररेषा, खांबावरची पन्हळ, छताखालची पाकळी, सारे काही आधी याच विटेत रचायचे आणि मग वर चुन्याचा गिलावा चढवायचा. लखनौच्या इमारतींवरची जी नक्षी लांबून संगमरवरी वाटते, ती मुळात वीट आणि चुना आहे.

या बांधकामाची ताकद पाहायची तर बडा इमामबाडा पाहावा. १७८४ च्या दुष्काळात नवाब असफउद्दौलाने तो बांधायला काढला तो लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून. आपल्या भाषेत, दुष्काळी काम. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडायची आणि पाझर तलावांची कामे निघाली, तीच जात. मधल्या दालनाची लांबी सुमारे ५० मीटर, रुंदी सुमारे १६ मीटर. त्यावरच्या छताला ना तुळई, ना लोखंड. वीट, चुना आणि कमानीचे गणित, एवढ्यावर ते सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ उभे आहे. पर्यटक ज्या भूलभुलैयात हरवायला जातात, ती गल्ल्यांची जाळी छताचा भार हलका करण्यासाठी आणि त्याचा रेटा बाजूंना वाटून देण्यासाठी ठेवलेली पोकळी आहे, हे वाटाडे क्वचितच सांगतात. हरवण्याची गोष्ट अधिक खपते.

इमामबाड्याचा दाखला द्यायचे कारण त्याचे सौंदर्य नव्हे. तिथे पैसा कुठे गेला, हे पाहण्यासारखे आहे. तो गेला मजुरीत. विटा पाडणारे, भट्टी लावणारे, चुना मळणारे, सुर्खी म्हणजे विटेची पूड कुटणारे, पाणी वाहणारे. आजच्या बांधकामात मोठा हिस्सा मालाला आणि यंत्राला जातो: सिमेंट, सळई, काच, ॲल्युमिनियम, लिफ्ट, एसी. वास्तूच्या ‘हरित’पणाचा विचार मी याच हिशेबावरून करतो. ज्या दुरुस्तीत खर्चाचा मोठा भाग माणसांच्या हातांना आणि वेळेला जातो ती बहुतेक वेळा हरित निघते. ज्या दुरुस्तीत तो पोत्यांना आणि खोक्यांना जातो ती नसते, मग तिच्या दारावर कोणतेही प्रमाणपत्र लटकवा. या पुस्तकातली सगळी प्रकरणे या एका मताभोवती फिरतात. मत पटले नाही तरी त्यातली माहिती उपयोगी पडेल.

आता गोमतीकाठच्या एका कोठीकडे येतो. चिनहटहून ती दहा-बारा किलोमीटरवर आहे. क्लॉड मार्टिन हा फ्रान्समधल्या लियोंचा. सैनिक म्हणून हिंदुस्थानात आला, कंपनीच्या चाकरीत शिरला आणि लखनौत गडगंज झाला. १७८१ च्या सुमारास त्याने नदीला अगदी लागून घर बांधले. पुढे नवाब सआदत अली खानने ते घेतले आणि त्याला फरहत बख्श म्हणू लागले. शेजारचा छतर मंझिल महाल नंतर उभा राहिला. मार्टिनच्या घराची खुबी तळमजल्याखाली होती. नदीच्या पातळीला त्याने खोल्या काढल्या होत्या. पावसाळ्यात गोमती चढली की पाणी सरळ या खोल्यांत येई आणि साहेब वरच्या मजल्यावर मुक्काम हलवी. पाणी ओसरले की गाळ उपसायचा, भिंती साफ करून रंगवायच्या आणि पुढच्या उन्हाळ्यात बाहेर लू वाहत असताना नदीच्या गारव्यात खाली बसायचे. पूर अडवायचा नाही, त्याला घरात जागा करून द्यायची आणि त्याच्याकडून गारवा वसूल करायचा. अठराव्या शतकातल्या या माणसाला ‘हरित रचना’ हा शब्द ठाऊक नव्हता. हिशेब मात्र पक्का होता.

या कोठीचे पुढचे आयुष्यही वाचण्याजोगे आहे. १८५७ च्या धुमश्चक्रीत इथे लढाई झाली. बंड मोडल्यावर छतर मंझिलमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांचा क्लब आला. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, केंद्रीय औषध संशोधन संस्था इथे सुरू झाली आणि सहा दशके नवाबी दालनांत प्रयोगशाळा चालल्या. संस्था नव्या जागेत गेली तेव्हा राज्याच्या पुरातत्त्व खात्याने दुरुस्ती हाती घेतली. खोदकामात गाळाखाली गेलेले भाग उघडे पडले आणि एक जुनी लाकडी नावही सापडली.

दुरुस्तीच्या अंगाने पाहिले तर इथे एक अडचण आहे आणि तिच्यावर चुना-विटेचा इलाज नाही. मार्टिनची गारव्याची योजना नदीवर उभी होती. गोमतीला आता बांध आहेत, पाणी कमी आणि मैल्याचे जास्त. तळघर कितीही निगुतीने दुरुस्त केले तरी त्यात पूर्वीचा गारवा परतणार नाही, कारण तो गारवा भिंतींइतकाच नदीचा होता. जुन्या वास्तूची हरित दुरुस्ती आवाराच्या भिंतीपाशी संपते असे समजणाऱ्यांनी फरहत बख्श जरूर पाहावी.

लखनौतच आणखी एक उदाहरण आहे आणि ते मराठी माणसाने सांगितलेच पाहिजे. वाळकेश्वरचे पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय काढले. गव्हर्नर मॅरिस यांच्या नावावरून ते मॅरिस कॉलेज म्हणून ओळखले गेले. पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते नावारूपाला आणले. आज तेच भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे आणि ते नांदते आहे कैसरबागेतल्या परीखान्यात. नवाब वाजिद अली शाहने जिथे मुलींना गाणे-नाच शिकवायची सोय केली, तिथे आजही विद्यार्थी सा लावतात. जुनी वास्तू टिकवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही: तिला तिच्या स्वभावाचे काम द्यावे. रोज उघडणाऱ्या खिडकीची बिजागरी गंजत नाही. रोज झाडल्या जाणाऱ्या गच्चीवर पिंपळाचे रोप बोटभर असतानाच दिसते. कुलूप घालून ‘जतन’ केलेल्या वाड्यात ते दिसते तेव्हा त्याची मुळे भिंतीच्या गाभ्यात पोचलेली असतात.

चुन्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पुस्तकाचा निम्मा भाग त्यावरच आहे. चुनखडी सुमारे ९०० अंशांना भाजली की चुनकळी मिळते. ती पाण्यात टाकली की खदखदते, विरते आणि लोण्यासारखी होते. हा भिजवलेला चुना जितका मुरेल तितका चांगला. मग वाळू आणि सुर्खी घालून तो घाणीत मळायचा. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचे दगडी चाक आणि गोल चर अजून पाहायला मिळतो. बैल नाहीत, बाकी सारे आहे. कामाप्रमाणे यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी, हिरडा, ताग असे काय काय पडते. लखनौचा गवंडी बेल आणि उडीद सांगतो, वाईचा गवंडी हिरडा आणि गूळ सांगतो आणि दोघेही आपलेच प्रमाण खरे मानतात. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय दोघांपैकी कोणाचेही आंधळेपणाने ऐकू नये. लखनौला अलीगंजमध्ये सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा १९७६ पासून आहे, हे या शहराचे भाग्य.

चुना घट्ट होतो तो हवेतला कर्बवायू शोषून, आणि सावकाश. चुना भाजतानाही कर्बवायू सुटतोच, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र त्यातला काही भाग चुना घट्ट होताना परत घेतो, आणि त्याची भट्टी सिमेंटच्या मानाने थंड असते. सिमेंटला सुमारे १४५० अंश लागतात. जगात माणसाच्या उद्योगातून जेवढा कर्बवायू सुटतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. पण जुन्या घराच्या बाबतीत मला हाही मुख्य मुद्दा वाटत नाही. मुख्य मुद्दा पाण्याचा आहे.

लखौरीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो. हवेत उडून जाते आणि प्रश्न मिटतो. त्यावर कोणीतरी ‘पक्के काम’ म्हणून सिमेंटचा गिलावा करतो. ओल आता बाहेर पडू शकत नाही. ती भिंतीतून वर चढत जाते, सोबत क्षार नेते, आणि सिमेंट जिथे संपते तिथे बाहेर येते. आधी पांढरी बुरशीसारखी रेघ दिसते. मग पोपडे सुटतात. मग विटेचा पृष्ठभाग बोटाने खरवडला तरी पिठासारखा गळतो. भिंतीला लोणा लागला, असे आपण म्हणतो. मालक पुन्हा सिमेंट मारतो, यावेळी हातभर वरपर्यंत. पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत लोणाही हातभर वर जातो. हा खेळ लखनौच्या चौकात चालतो तसाच पुण्याच्या पेठांत आणि नाशिकच्या पंचवटीत चालतो. इमारत म्हातारी झाली म्हणून पडली असे पंचनाम्यात लिहिले जाते. खरे म्हणजे तिला औषध चुकीचे दिले गेलेले असते.

वरून एसी. दालनाच्या खिडकीत खोके बसवायचे, रोशनदाने, म्हणजे छताजवळचे झरोके, फळकुटांनी बुजवायची, छत खाली घ्यायचे आणि एसीच्या नळीचे पाणी बाहेरच्या भिंतीवर सोडायचे. त्या पाण्याच्या ओघळाने भिंतीवर शेवाळ्याचा पट्टा उतरतो. अनेक जुन्या सरकारी कोठ्यांवर हिरवे म्हणावे असे तेवढेच असते.

हे सगळे उलटे फिरवणे म्हणजे हरित दुरुस्ती. सिमेंट जपून सोलायचे, वीट न उखडता. भिंतीला काही महिने नुसते वाळू द्यायचे. ठेकेदाराला हे अजिबात आवडत नाही, कारण त्या महिन्यांत बिल निघत नाही. मग चुन्याने दर्जा भरायच्या, गिलावा करायचा. पन्हाळी मोकळ्या करून पावसाचे पाणी पायापासून दूर न्यायचे. गच्चीवर चुन्याचा कोबा पुन्हा ठोकायचा. रोशनदाने उघडायची, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल. दाराला वाळ्याचे पडदे लावायला कोणाची हरकत नसावी. एवढे झाल्यावर मग मोजायचे, की किती खोल्यांना खरेच एसी लागतो. जाड भिंत दुपारचे ऊन रात्रीपर्यंत आत येऊ देत नाही. कचेरी सहाला सुटत असेल तर निम्मी लढाई भिंतीनेच जिंकलेली असते. सौरपट्ट्या, कमी विजेचे दिवे, पावसाच्या पाण्याची साठवण, हे सारे हवेच. पण शेवटी, आणि घुमटावर नव्हे. आवारातल्या वाहनतळाच्या छपरावर सौरपट्ट्या लावल्या तर इमारतीला एक खिळाही ठोकावा लागत नाही.

मानांकनांविषयी माझे मत थोडे तिरके आहे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि २०२१ मध्ये त्याला भारतीय हरित इमारत परिषदेचे सुवर्ण मानांकन मिळाले. चांगली गोष्ट आहे. रोज लाखो माणसे वापरतात अशी एकोणिसाव्या शतकातली इमारत विजेचा आणि पाण्याचा हिशेब ठेवते, याचे कौतुक व्हायलाच हवे. पण मानांकनाच्या तक्त्यात दिवे, नळ आणि कचऱ्याच्या डब्यांना गुण सहज मिळतात; चुना मुरवायला दिलेल्या महिन्यांना मिळत नाहीत. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, ज्याला २००५ मध्ये युनेस्कोचे पारितोषिक मिळाले, किंवा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ज्याला २०२२ मध्ये मिळाले, त्या कामांत कारागिरांच्या हाताला मान होता. मला ही पारितोषिके हरित मानांकनांपेक्षा अधिक ‘हरित’ वाटतात. वाचकाने याला माझा हट्ट म्हणावे.

एक आक्षेप आधीच मान्य करतो. संग्रहालये, रेल्वे स्थानके, नवाबी कोठ्या यांच्यामागे सरकार किंवा मोठे दाते असतात. पुण्यातल्या वाड्याच्या मालकाचे काय? भाडेकरू जुने, भाडे चहाच्या पैशांइतके, वारस अनेक, आणि पाडून बांधले तर चटईक्षेत्राचे आमिष. त्याला कर्बवायूचा हिशेब सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे. मुंबईने १९९५ मध्ये वारसा इमारतींसाठी नियमावली केली, देशात पहिल्यांदा. न वापरलेले बांधकामाचे हक्क इतरत्र विकण्याची वाटही त्यातून निघाली. ती वाट सामान्य वाड्यापर्यंत सुरळीत पोचलेली नाही. पाडकामाच्या राडारोड्यासाठी २०१६ मध्ये नियम झाले, पण एक वाडा पाडल्यावर किती साग, किती घडीव दगड आणि किती भाजलेली वीट वाया गेली, याची नोंद परवानगीच्या अर्जात सहसा मागितली जात नाही. ती मागितली जावी, असे मला वाटते. निदान आपण काय टाकतो आहोत, हे सही करणाऱ्याला कळेल.

कारागिरांचा प्रश्न याहून अवघड आहे. सिमेंटचे काम आठवड्यात शिकता येते. चुन्याचा हात बसायला हंगाम जावे लागतात. लखनौत चुन्यावर नक्षी काढणारे हात अजून आहेत, थोडे आहेत, आणि त्यांची मुले चिनहटच्या उंच इमारतींवर फरशा बसवतात, कारण तिथे रोजगार रोज आहे. जॉन मार्शलने १९२३ मध्ये पुरातत्त्व खात्यासाठी दुरुस्तीची पुस्तिका लिहिली, ती शंभर वर्षे कपाटात सुखरूप राहिली. गवंड्याचे ज्ञान तसे कपाटात ठेवता येत नाही. त्याला दरवर्षी काम लागते. पुस्तकातल्या शेवटच्या दोन प्रकरणांत म्हणूनच आकृत्या कमी आणि कामाच्या कंत्राटाचे नमुने जास्त आहेत: चुन्याच्या कामाला मुदत किती द्यावी, मजुरी मालापासून वेगळी कशी मोजावी, नमुना-भिंत आधी करून घेऊन मगच निविदा कशी काढावी. वाचायला ती रुक्ष आहेत. नगरपालिकेतल्या अभियंत्याने निदान तेवढी तरी वाचावीत, अशी विनंती आहे.

आणि ज्यांच्या गावी अजून जुने घर उभे आहे, वाईला, सावंतवाडीला, बऱ्हाणपूरला किंवा इथे लखनौला, त्यांच्यासाठी एक सूचना. दुरुस्तीसाठी सिमेंटचे पहिले पोते दारात उतरण्याआधी एक पूर्ण पावसाळा घराकडे नुसते पाहा. पाणी कुठून शिरते, कुठे साचते, भिंत कुठपर्यंत ओली होते आणि दिवाळीपर्यंत किती वाळते, ते तारखेसकट लिहून ठेवा. ती वही घेऊन चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याकडे जा. वास्तुविशारदाकडे त्यानंतर.